सहा दिवस चाललेलं गणित

"दिसतं सरळ, टिकतं वाकडं," असं म्हणत आमचे रसायनाचे सर दोन्ही अंगठे जुळवून पंजे पाखरासारखे उघडत. डहाणूच्या त्या कॉलेजात मी २०१४ पासून कारकून होतो. वर्गात जे शिकवत तेच ते मला चहा पिताना शिकवत.

"दोन सिलिकॉन, दोन हायड्रोजन, भाऊसाहेब. सरळ ओळीत बसतील असं वाटतं. पण हायड्रोजन मध्ये पूल होऊन बसले, तर रेणू जास्त टिकतो."

मला ओ की ठो कळत नसे. मान मात्र मी जोरात हलवायचो.

एकदा त्यांनी बोर्डीचे कच्चे चिकू नारळाच्या हिरांनी जोडून सगळ्या रचनांचे नमुने केले. हायड्रोजनच्या जागी बोरं. तपासणी समिती आली गुरुवारी, तोवर चिकू पिकले आणि समितीच्या साहेबांसमोरच एक सिलिकॉन घसरून टेबलावर पडला. "हा अस्थिर," म्हणत सरांनी तो सोलून साहेबांनाच दिला. साहेबांनी खाल्लाही!

त्यांच्या पीएच.डी.चा विषय हाच. नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा मिळणार नव्हती. शेवटचं गणित प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवर सलग आठ दिवस चालायचं होतं, तोवर त्यावर दुसरं काही करता येत नसे आणि मध्ये थांबलं की पहिल्यापासून. मुदत महिनाअखेरची, त्याला पाच दिवस उरले होते आणि सहा दिवसांचं काम झालं होतं.

नेमका तेव्हाच ऑफिसचा कॉम्प्युटर बसला. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचा तो शेवटचा दिवस. तलासरीकडची पोरं दारात उभी होती. एक मुलगी म्हणाली, "सर, पाचची एसटी चुकली तर घरी कशी जाऊ?"

सरांनी मला प्रयोगशाळेत नेलं. "बंद करा ते."

"सर, सहा दिवस गेले हो!"

"रेणू कुठे पळत नाहीत. बसा, भरा फॉर्म."

बटण त्यांनीच दाबलं. संध्याकाळी विचारलं, "सगळ्यांचे गेले ना?" "गेले, सर." ते समाधानाने घरी गेले.

मग मी दिवसभराच्या मेल उघडल्या. फॉर्मची मुदत पंधरा दिवस वाढल्याचं पत्र सकाळी साडेदहालाच आलं होतं. मी ते पाहिलंच नव्हतं.

सर डॉक्टर न होताच निवृत्त झाले. रोज भेटत होते, रोज सांगेन म्हणत होतो. धीर झाला नाही. २०१९ मध्ये ते गेले.

शोकसभेत जो तो हीच गोष्ट सांगत होता. सरांनी पोरांसाठी डॉक्टरकी सोडली. शेवटी प्राचार्य म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही तर तिथेच होता. दोन शब्द बोला."

मी उठलो. "हो, मी तिथेच होतो," एवढंच म्हणालो आणि खाली बसलो.