पेंग्विन समजून गेलो त्या किनाऱ्यावर

नात तन्वी फोनवर म्हणाली होती, "आजोबा, यंदा मॉमकडे आलात की माझ्याकडे पण या आठ दिवस. आम्हाला व्हॉलंटियर कमी पडतात. पाइपिंग प्लोव्हर सांभाळायचे."

माझा डावा कान मंद आहे. मला ऐकू आलं, पेंग्विन सांभाळायचे. कराडात मी सगळ्यांना सांगून टाकलं. सलूनमध्ये सांगितलं, बँकेत सांगितलं. कानटोपी, दोन स्वेटर आणि लोकरी पायमोजे बॅगेत भरले. पेंग्विन चावतात का, हे शेजारच्या मास्तरांना विचारलं. त्यांनाही नक्की माहीत नव्हतं.

मी सातवीपर्यंत शिकलो. नगरपालिकेत पाणी सोडायला होतो. गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायचे, वेळेवर बंद करायचे. बंद केला की नाही, हे परत जाऊन बघायची सवय तिथेच लागली आणि ती घरात, प्रवासात, सगळीकडे माझ्याबरोबर येते. त्यामुळे निघण्याआधी जावयाला मी पाच वेळा विचारलं, "माझा व्हिसा फिरायचा आहे. असं काम केलेलं चालतं ना?" त्याने चौकशी केली, पगार घ्यायचा नाही म्हणून चालतं म्हणाला. तुम्ही जाणार असाल तर तुमची चौकशी तुम्ही करा.

जूनच्या एका शनिवारी मंजिरी, म्हणजे माझी मुलगी, मला घेऊन वेस्ट विंडसरहून निघाली. १९५ नंबरच्या रस्त्याने पूर्वेला समुद्राकडे जायचं, मग पार्कवे पकडून दक्षिणेला. ट्रॅफिक नसेल तर दीड तास, पण शनिवारी सकाळी सगळी न्यू जर्सी किनाऱ्याला निघते, आम्हाला अडीच लागले. टोल काचेवरच्या डबीतून आपोआप कापला जातो. आणि या राज्यात पेट्रोल आपण भरायचं नसतं, माणूस येऊन भरून देतो. ते बघून मला बरं वाटलं. पंपावर थांबलो तेव्हा मी विचारलं, "बर्फ कुठे लागेल?"

"कसला बर्फ, बाबा?"

"पेंग्विनांचा."

मंजिरी इतकी हसली की पेट्रोलवाला खिडकीशी वाकून बघायला लागला. "बाबा, प्लोव्हर! आपल्याकडे टिटवी असते ना, तसलाच. वाळूवर अंडी घालतो. मुठीत मावेल एवढा."

"मुठीत मावेल एवढ्याला सांभाळायला मला एवढ्या लांबून बोलावलं?"

"म्हणूनच बोलावलंय," ती म्हणाली. "फार थोडे उरलेत ते."

पुढचा अर्धा तास मी कराडात कोणाकोणाला काय सांगितलंय, ते आठवत बसलो.

किनाऱ्याचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. तन्वीने बजावलंय की घरटी कुठे आहेत ते इंटरनेटवर लिहायचं नसतं, लोक फोटो काढायला येतात आणि पक्षी उठतात. एवढंच सांगतो की शेवटचं गाव संपलं की रस्ताही संपतो आणि पुढे टेकड्या-टेकड्यांची वाळू सुरू होते. गावातल्या किनाऱ्यावर जायला बॅज विकत घ्यावा लागतो, दिवसाचे दहा-बारा डॉलर. व्हॉलंटियरला लागत नाही. राहायला लाकडी घर आहे, एका खोलीत चार बंक. मला खालचा मिळाला. उन्हाळ्यात तिथलं मोटेल परवडणारं नाही, तेव्हा व्हॉलंटियर होऊनच जावं. टोपी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पूर्ण पँट घ्या. तिथल्या माश्या पायमोज्यातूनही चावतात. माझे लोकरी मोजे कामाला आले ते इथे.

तन्वी चोवीस वर्षांची आहे, याच कामाचं शिकली, उन्हाळाभर तिथे नोकरीला असते. तिच्यावरची बाई डोना. वय सत्तर, आधी शाळेची बस चालवायची. आवाज तसाच, शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. तन्वी मला हाक मारते म्हणून डोनाला वाटलं 'आजोबा' हेच माझं नाव. आठही दिवस सगळे गोरे लोक मला "गुड मॉर्निंग, अजोबा" म्हणत होते. मीही सुधारलं नाही.

पहिल्याच दिवशी डोनाने कागद काढून सात नियम वाचले. इंग्रजी, आणि वेग बसचा. समजलं नाही तरी मान हलवायची माझी जुनी खोड आहे. मी सातही वेळा मान हलवली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

काम सोपं आहे. घरट्यांच्या भोवती लांबवर खुंट रोवून दोरी बांधलेली असते. दोरीच्या बाहेर खुर्ची टाकून बसायचं, लोकांना आत जाऊ द्यायचं नाही, कुत्र्यांना साखळी लावायला सांगायचं, आणि दर तासाला दुर्बिणीतून बघून वहीत लिहायचं. ते तासाचं काम मला फार आवडलं. मी दहा मिनिटं आधीच तयार असायचो.

माझ्या वाट्याला दोन नंबरचं घरटं आलं. घरटं म्हणजे काय, वाळूत बोटाने केल्यासारखा खळगा आणि त्यात चार अंडी, वाळूच्याच रंगाची. पक्षी तर आधी दिसलाच नाही. तन्वीने दुर्बीण धरली तेव्हा वाळूचा एक गोळा हलला, त्याला गळ्याशी दोरीसारखी काळी रेघ आणि नारिंगी पाय. बाकीच्या घरट्यांवर कावळे-कोल्ह्यांपासून तारेची जाळी होती. याला नव्हती. जाळी लावली की नर परत बसायलाच यायचा नाही, म्हणून काढली होती.

"म्हणजे याला कुलूप नाही," मी म्हणालो.

"तुम्ही आहात ना," तन्वी म्हणाली. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी एक कुटुंब थेट दोरीपाशी पतंग उडवायला लागलं. पतंग या पक्ष्यांना ससाणा वाटतो, ते अंडी सोडून पळतात, एवढं तन्वीने मला मराठीतून सांगितलेलं होतं. मी हात हलवत धावलो. "नो काइट! बर्ड फियर! प्लीज!"

त्यातली बाई नवऱ्याला म्हणाली, "अरे, ते सिक्युरिटीवाले आजोबा बघ काय म्हणतायत. चिडलेत वाटतं."

"सिक्युरिटी कसली बाई, कराडचा आहे मी."

नवऱ्याच्या हातून दोराच सुटायचा बाकी होता. "काका! सॉरी यार... म्हणजे, सॉरी काका. आम्ही हर्नडनहून चार तास ड्राइव्ह करून आलोय. पोरांना पतंग प्रॉमिस केलं होतं."

मुलगी म्हणाली, "व्हाय कान्ट वी, बाबा?"

"आजोबांचे पक्षी घाबरतात. पतंग कॅन्सल." त्याने दोर गुंडाळला. मग बाईंनी मला चकल्या दिल्या आणि मी त्यांना दुर्बिणीतून पक्षी दाखवला. ती मुलगी बराच वेळ बघत होती. मला वाटलं, आपल्याला जमतंय हे काम.

चौथा दिवस ज्येष्ठ वद्य पंचमी. आमच्या हिची, सुमनची तिथी. तीन वर्षं झाली. कराडात मी गच्चीवर घास ठेवतो आणि कावळा यायची वाट बघतो. मागच्या वर्षी तो तासभर शिवेना. ही रागावलीय का, काय राहिलंय, हे मनात घोळत राहिलं ते वर्षभर. इथे मी सकाळी भात केला, दही घातलं, मंजिरीने दिलेला लाडू कुस्करला, आणि घरामागच्या कुंपणाच्या खांबावर कागदी बशीत ठेवला. दोरीपासून चांगला लांब, असं मला वाटलं. "काव काव" म्हटलं. तिसऱ्या हाकेला कावळा आला. मग आणखी दोन. त्यांनी बशी स्वच्छ केली. मला एवढं हलकं वाटलं की मी तिथेच पायरीवर बसलो आणि डोळे पुसले.

अकराच्या फेरीला दुर्बीण लावली. नर उठला, अंग झटकलं, परत बसला. तेवढ्यात मोजली. तीन अंडी.

परत बघायला मिळालं नाही, कारण समुद्रावरून धुकं आलं. इतकं की दोरीसुद्धा दिसेना. मी तन्वीला बोलावलं. ती दोरीच्या कडेने वाकून चालत गेली आणि परत आली. "कावळ्याचे पाय उमटलेत वाळूत. बाहेरच्या बाजूला. इथे कावळे कमी येतात, आजोबा. आज अचानक कसे आले?"

"पिल्लू बाहेर आलं असेल," मी म्हणालो.

"असू शकतं. पण आमच्या हिशोबाने अजून आठवडा होता. आणि आता आत जाऊन बघता येणार नाही. गारठ्यात तो उठला तर उरलेली तीन पण जातील."

त्या दुपारचं काय सांगू. सगळं उलटं झालं होतं. हिच्यासाठी ज्याला हाका मारून बोलावलं, तोच ते अंडं घेऊन गेला असणार. कोणी बघितलं नव्हतं. बशी मी कचऱ्यात टाकली होती. गप्प राहिलो असतो तर कोणाला कळलं नसतं. पण पाणी सोडायच्या नोकरीत एक शिकलो होतो. व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल तर लगेच सांगायचं, टाकी रिकामी होईपर्यंत बसायचं नाही. चार वाजता मी तन्वीला स्वयंपाकघरात गाठलं.

"तो कावळा मी बोलावला."

तिला आधी समजेना. मग मी सगळं सांगितलं, भात, लाडू, खांब. नियमांचा कागद भिंतीवरच होता. तिने पाचव्या ओळीवर बोट ठेवलं. बाहेर अन्न ठेवायचं नाही, कावळे आणि कोल्हे येतात.

"तुम्ही याला पण मान हलवलीत, आजोबा."

"सगळ्यांनाच हलवली."

"मग मला का नाही विचारलंत?" तिचा आवाज चढला होता. मग ती खुर्चीवर बसली. "आज आजीचा दिवस होता, मला माहीतच नव्हतं."

डोनाला तिनेच सांगितलं. मी हात जोडून उभा होतो. डोनाने कावळ्याबद्दल दोन प्रश्न विचारले, मग बायकोचं नाव विचारलं. मी सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून बघितलं, "सू-मन." मग मोठ्याने म्हणाली, तन्वीने मराठीत सांगितलं ते असं, "उद्या पहाटेपासून तुम्ही त्याच खांबाजवळ बसायचं. कावळे परत तिथेच येणार. येऊ द्यायचे नाहीत."

पहाटे पाचला मी कानटोपी घालून, दोन्ही स्वेटर चढवून धुक्यात खुर्चीवर बसलो. पेंग्विनांसाठी आणलेलं सगळं अंगावर होतं. कावळे आले, तेच तिघे. मी उठून टॉवेल फिरवला, ओरडलो. काल हाका मारल्या, आज हाकलतोय. मनात हिला म्हटलं, समजून घे.

साडेनऊला धुकं फाटलं. डोना, तन्वी, मी, तिघं दुर्बिणीपाशी. तन्वीने डोळा लावला. मी तिचा दंड धरला.

"बोल की गं!"

"खळगा रिकामा आहे," ती म्हणाली. मी मागे फिरलो. "थांबा, आजोबा, थांबा ना. त्याच्या पोटाखाली बघा. पायच पाय आहेत!"

मी बघितलं. नर गवताच्या काडीशी बसला होता आणि त्याच्या पिसांतून काड्यांसारखे पाय बाहेर आले होते. तो उठला आणि कापसाचे बोळे इकडेतिकडे धावले. मी मोजले. चार. परत मोजले. डोनाने मोजले. चार. अकराला मला जे अंडं दिसलं नाही, ते फुटलेलं होतं, टरफल पक्ष्यांनी लांब नेऊन टाकलं होतं आणि वाळूच्याच रंगाचं पिल्लू बापाच्या पायांआड होतं. आठवड्याचा हिशोब त्यांचाच चुकला होता.

डोनाने मला जी मिठी मारली, बरगड्या मोजल्या गेल्या. वहीत त्या तासाची नोंद मी केली. इंग्रजी चारचा आकडा मला येतो.

उरलेले तीन दिवस मी खांबाजवळची बसायची पाळी सोडली नाही. कोणी सांगितलं नव्हतं. पिल्लं चिमणीहून लहान, पण जन्मल्या दिवशीच आपलं आपण खातात, आई-बाप नुसते राखण करतात. डोनाला मी मेतकूट-भात खाऊ घातला, घरात बसून. तिने दोनदा घेतला.

परत वेस्ट विंडसरला आल्यावर मंजिरीने विचारलं, "मग, पेंग्विन कसे होते?" मी म्हटलं, बरे होते. कराडला अजून खरं सांगितलेलं नाही. जाऊन समोरासमोर सांगेन.

जुलैच्या शेवटी तन्वीचा मेसेज आला, तिने मराठीत टाइप केलेला. "आजोबा, तीन उडाली."

मी विचारलं, चौथं? तिने लिहिलं, दुसऱ्या आठवड्यापासून दिसलं नाही, असं होतं, तुमच्यामुळे नाही. मी ते परत परत वाचलं. तीन उडाली हेही परत परत वाचलं. रात्री झोप मात्र लागली.

परवा सकाळी इथल्या डेकच्या कठड्यावर एक कावळा येऊन बसला. मी हातात पोळी घेऊन उभा होतो. त्याने मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं. "तुला ज्येष्ठात मिळालंय," मी त्याला म्हटलं. "आता पुढच्या वर्षी. कराडला ये." मग आत आलो, दार लावलं. कडी लागली का, ते बघायला परत गेलो नाही.