गालिच्यावरच्या खुणा

पोलादाची गिरणी बंद पडली, त्या वर्षी यंग्जटाउनच्या चार बेकार पोरांनी तळघरात रॉक बँड काढला आणि मालकांच्या नाकावर टिच्चून त्याला नाव दिलं ‘मिल गेट’. त्यातली ड्रम बडवणारी ड्रेमा. ‘पोरगी काय वाजवणार!’ म्हणणाऱ्यांचे कान तिनं पहिल्याच कार्यक्रमात बधिर केले. पुढं एक अल्बम गाजला, तीन वर्षं देशभर हिंडणं झालं. मग लोकांची आवड बदलली आणि विचारणारं कुणी उरलं नाही. ड्रेमा शाळेची बस चालवू लागली, ब्रेक दाबून दाबून उजवा गुडघा कामातून गेला. पण शनिवारी बार असो की जत्रा, ती ड्रमवर हजर. सात गिटारवाले आले नि गेले. टिकले दोघंच, ती आणि गायक लॉनी.

बँडच्या चाळिसाव्या वर्षी गावच्या जत्रेत मोठा कार्यक्रम ठरला. आठवडाभर आधी लॉनी तिच्याकडे आला आणि तिनंच केलेल्या, बटाटा भरलेल्या पिरोगींवर ताव मारत म्हणाला, “ड्रेमा, उजवा गुडघा गेलाय तुझा. पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमला लाथ कशी घालणार? ब्रँट म्हणून एक नवा ड्रमर बघितलाय. तू पुढं उभी राहा, खंजिरी वाजव.”

“लॉनी, चाळीस वर्षांत कधी मागं वळून बघितलंयस?”

“मागं बघायला मी काय ट्रक चालवतो?”

ड्रेमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं त्याच्यापुढची बशी उचलून घेतली.

जत्रेच्या दुपारी तिनं ब्रँटला वाजवायला आपलेच ड्रम आणले आणि त्याखाली घालायचा जुना गालिचा स्टेजवरच्या माणसांना दिला. ड्रमच्या स्टँडचा कुठला पाय कुठं टेकवायचा, त्याच्या चिकटपट्टीच्या खुणा गालिच्यावर होत्या. दोन बँडांमध्ये पंधरा मिनिटं मिळतात. तेवढ्यात कुणी डोकं चालवत नाही, खुणा बघून मांडतात. तशीच मांडणी झाली. निवेदकानं ‘मिल गेट’चं नाव पुकारलं, लोक बाकांवर चढले आणि ब्रँट ड्रममागं जाऊन बसला.

“अहो, हे सगळं उलटं मांडलंय!”

“उलटं नाही,” ड्रेमा म्हणाली, “डावखुरं आहे.”

ब्रँटनं लॉनीकडं पाहिलं. “तुम्ही बोलला नाहीत?”

चाळीस वर्षं पाठीमागची बाई कुठल्या हातापायानं वाजवते, हे त्या शहाण्याला ठाऊकच नव्हतं.

“ऊठ राजा,” ड्रेमा ब्रँटला म्हणाली. तो हसत उठला. तिनं खंजिरी लॉनीच्या हातात कोंबली. “घे. तोंडाबरोबर हातही चालू दे जरा.”

मग ती लंगडत जाऊन बसली, ड्रमच्या काठ्या एकमेकींवर आपटून चारपर्यंत मोजलं आणि धडधाकट डाव्या पायानं मोठ्या ड्रमला सणसणीत लाथ घातली. लॉनीची पहिली ओळ चुकली. तो मागं वळून बघत होता.