सोळा गुंठ्यांचं अंतर

अमुक ठिकाण इथून किती लांब, एवढा साधा प्रश्न विचारून अर्ध्या तासाच्या आत उत्तर घेऊन सुटलेला माणूस आमच्या साडूंच्या ओळखीत एकही नसेल. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान साताऱ्याच्या एका कॉलेजात गणित शिकवत. एकदा त्यांच्या दारावरून जाणाऱ्या एका पेन्शनर सुभेदारांनी "स्टँड किती लांब हाय वो?" असं सहज विचारलं. साडूंनी त्यांना मानानं ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं की कावळ्याला सरळ उडत पडणारं अंतर वेगळं, गल्लीबोळानं वेगळं आणि चढ धरला तर आणखी वेगळं. "आता तुमाला ह्यातलं कंचं पायजे?" "मला पाचची गाडी पायजे हुती," सुभेदार म्हणाले. ती तोवर गेली होती. साडूंना त्याचं काही वाटलं नाही. सहाची होतीच.

मूळ गाव कुंडल. तिथं वाटणीत सोळा गुंठे जमीन त्यांच्या वाट्याला आली होती. 'आमची शेती' हे शब्द ते अशा भारदस्त आवाजात उच्चारत, की नवख्या माणसाला वाटावं, कृष्णा नदी ह्यांच्या परवानगीनंच पुढं जाते. ती शेती दाखवायला मला एकदा नेलं होतं. चहूकडं उसाचे फड आणि मधून काटकोनात गेलेले बांध. मी जवळची वाट विचारली, तर म्हणाले, "आदी उत्तरंला जावा न्हाईतर आदी पूर्वंला, मागं फिरला न्हाई की बांधानं अंतर तेवढंच पडतंय." सिद्धांत बिनचूक होता. फक्त त्यांनी निवडलेल्या बांधाला सकाळीच पाणी सोडलेलं होतं, आणि माझी एक चप्पल अजून त्या सिद्धांताच्या पोटात आहे.

शब्दांचीही त्यांच्या हातून सुटका नव्हती. सारख्या लांबीचे दोन शब्द घ्यायचे आणि किती अक्षरं वेगळी ते मोजायचं, की झालं त्यांच्यातलं अंतर. ऐन दिवाळीच्या फराळाला, सगळ्या सासुरवाडीसमोर त्यांनी मला प्रेमानं सांगितलं, "पाव्हणं, साडू आन् झाडू ह्येंच्यात एकाच अक्षराचं अंतर हाय बगा." माझ्या बायकोला हे गणित इतकं पटलं, की पुढं कित्येक महिने ती मला केर काढायला लावताना तेच सांगत असे.

त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरच्या सुमाराला सुट्टीतल्या एका शिबिराहून ते नवाच रोग घेऊन परतले. म्हणे आता यंत्रालासुद्धा 'हे त्याच्यासारखं' असं ओळखता येतं. प्रत्येक गोष्टीचे आकडे करायचे, फरकांचे वर्ग करून बेरीज घ्यायची, वर्गमूळ काढायचं. ज्याचं अंतर कमी, तो जवळचा. नेमकं त्याच वर्षी त्यांच्या एकुलत्या एक लेकीचं, सुमनचं लग्न काढलं होतं. पत्रिका बघून गुण जुळवणाऱ्यांना साडू हसत. ते काम त्यांनी स्वतःकडं घेतलं.

स्थळं दोन. एक साताऱ्यातल्याच एका कचेरीतले हेडक्लार्क, सुमनपेक्षा अकरा वर्षांनी मोठे, जमीनजुमला नाही. दुसरा पलूसचा, सुमनपेक्षा तीनच वर्षांनी मोठा, शेतकी खात्यात नोकरीला, घरी चार एकर ऊस. हा पलूसचा मुलगा सुमनच्या मनात भरला होता, हे तिची आई, माझी बायको आणि आमचा दूधवाला अशा सर्वांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त अंतराच्या तज्ज्ञाला.

त्यांनी सुमनचं आणि दोन्ही स्थळांचं वय वर्षांत धरलं, उंची इंचांत, शिक्षण इयत्तांत आणि जमीन गुंठ्यांत. उत्तर आलं: हेडक्लार्क अगदी जवळ, पलूसचा मुलगा पार लांब. "आकड्यापुडं माजं काय चालतंय?" असं म्हणून साडू हेडक्लार्कांना होकार कळवायला टोपी घालून निघाले. माझ्या मेहुणीनं तोंडाला पदर लावला. मला हसावं की भांडावं कळेना.

तेवढ्यात सुमन आतून आली. बी.एस्सी.च्या वर्गात त्यांच्याच हाताखाली शिकलेली पोरगी. "आबा," ती म्हणाली, "जमीन एकरात मांडा की."

"का?"

"पलूसचे एकशे साठ गुंठे, आपले सोळा. एवढ्या फरकापुढं अकरा वर्सांचा फरक दिसंल का?"

साडूंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मोजमापाचं एकक बदललं की जवळचा लांब होतो, हे त्यांनी वर्गात शंभरदा शिकवलं असेल. पण त्यांना गुंठेच का लागत, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. गुंठ्यांत ते सोळा होते. एकरात मांडले तर शून्य पूर्णांक चार दशांश.

"एकरात आपलं काय ऱ्हातंय, सुमे?" ते हळूच म्हणाले.

"मला पलूसला जायचंय, आबा."

मी जन्मभर त्यांची थट्टा केली, पण त्या घटकेला मला त्यांच्याविषयी फार माया वाटली. पेन्सिल घेऊन त्यांनी शून्य काढलं, टिंब दिलं, चार लिहिला. पुढचा हिशेब त्यांनी तोंडीच केला. पलूस जवळ आलं.

लग्न झालं. पाठवणीच्या वेळी इतर बाप रडतात तसे ते रडले नाहीत, गाडीचा वेग किती असावा ह्यावर ते ड्रायव्हरशी वाद घालत होते. महिनाभरानं ते आमच्याकडं आले. मला थट्टा केल्याशिवाय राहवेना. मी विचारलं, "काय दादा, पलूस किती लांब पडतं म्हणायचं? मैलात मांडलंत, का किलोमीटरात?"

"समद्यात मांडून बगितलं," साडू म्हणाले. "कशातबी मांडा, तेवडंच येतंय."