आंटीजींची अकरावी एकादशी

आमच्या घरी उपवास म्हणजे खाण्याची चंगळ. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, वर रताळ्याचा कीस. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण बहुधा आमच्या सोलापूरच्या स्वयंपाकघरात बसूनच कोणीतरी केली असावी. नवऱ्याची बदली झाली तेव्हा ही सगळी भक्ती मी चंदीगडला सोबत नेली.

सेक्टर ३९मध्ये आमच्या समोरच्या घरात एक पंजाबी आंटीजी राहायच्या. त्यांच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका येऊन उजवा हात लुळा पडला होता. तो पुन्हा हलावा म्हणून आंटीजींनी अकरा एकादश्यांचा नवस बोलला होता. दिवसभर नुसतं पाणी, संध्याकाळी एकदाच फराळ, तोही सैंधव मिठातला. साधं मीठ पोटात गेलं की व्रत मोडलं, मोजणी पुन्हा एकपासून. मिठाचं हे कलम मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे रोजचंच मीठ उपवासालाही चालतं.

आषाढीला त्यांची अकरावी होती. मी मोठ्या हौसेनं त्यांना संध्याकाळी फराळाला बोलावलं. एरवी माझ्या खिचडीचा गोळा होतो, त्या दिवशी ती मोत्यासारखी मोकळी झाली होती. आंटीजींना स्वयंपाकघरातच बसवून मी समोर उभी राहिले, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखी. दोन घास खाल्ल्यावर त्यांची नजर ओट्यावरच्या मिठाच्या पिशवीवर गेली. चमचा हातातच थांबला. मिरची लागली असेल म्हणून मी दही पुढे केलं. त्यांनी ताटली संपवली आणि थोडी खिचडी आणखी मागून घेतली.

पंधरा दिवसांनी पुढची एकादशी आली, तेव्हा उद्यापन कधी ते विचारायला मी गेले. दार अंकलजींनी उघडलं, डाव्या हातानं. आंटीजी पूजेला बसल्या होत्या. उद्यापन कसलं, ते म्हणाले, आज पहिली आहे. मग मिठाचं सगळं त्यांनीच सांगितलं.

मला आधी रागच आला, माझा आणि आंटीजींचाही. त्या बाहेर आल्या तशी मी जवळजवळ भांडायलाच उठले. म्हटलं, तुम्ही एक शब्द बोलला असतात तर मी ताटली उचलली असती.

त्या शांतपणे म्हणाल्या, "बेटा, पता तो दो निवाले बाद ही चल गया था. पर व्रत तो तब तक टूट चुका था. तेरा मुँह क्यों उतारती?"

पुन्हा अकरा एकादश्या, म्हणजे आणखी पाच महिन्यांचं व्रत. नवऱ्याच्या हाताचं मागणं पुन्हा पहिल्या पायरीवर आलं होतं आणि या बाईनं माझ्याकडून खिचडी मागून घेतली होती. इतकी मोठी माणसं असतात आणि समोरच्या दारात राहतात, याचं मला भयच वाटलं. मी त्यांच्या पायांशी वाकले.

त्यांनी मला अर्ध्यातच धरून उभं केलं. "ना बेटा. हमारे यहाँ बेटियाँ पैर नहीं छूतीं."