एकाच बांधीतली दोघं

एकोणीसशे ऐंशीच्या आसपास लाखांदूरच्या एसटी स्टँडवर एक ख्रिस्ती म्हातारा उकडलेले शिंगाडे विकायचा. धानाच्या रोवणीत वीज पडून त्याची बायको गेली. हा शेताच्या त्याच बांधीत, तिच्या शेजारीच वाकलेला होता.

शुभवर्तमानात येशू सांगतो, शेवटच्या दिवशी शेतात दोघं असतील. एक नेला जाईल, एक मागे राहील. म्हातारा त्याचा अर्थ विचारत फिरला. एक पाद्री म्हणाला, नेलेला तरला. दुसरा म्हणाला, छे, नोहाच्या पुरानं पापीच नेले, राहिलेला तरला. तिचं नाव मात्र दोघांनीही विचारलं नाही.

शिंगाड्याचं काळं साल नखानं ओरबाडत तो मला म्हणाला, “एकानं तिले स्वर्गात धाडलं बाबू, दुसऱ्यानं मले. आमाले दोघायले एका जागी ठेवनारा पाद्री काही भेटला नाही.”