काटकोनकाकांची वाकडी उशी

गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळी गल्ली काटकोनकाका म्हणे, आणि ते नाव त्यांनी चांगला घाम गाळून मिळवलं होतं. कव्हर शिवून झालं की ते मधोमध दुमडून दोन्ही बाजू जुळतात का पाहत. नखाएवढा फरक दिसला तरी गिऱ्हाईक दारात किल्ली फिरवत उभं असताना अख्खी शिवण उसवायला घेत. "दोन्ही बाजू सारख्या, मगच गाडी बाहेर," हे त्यांचं वाक्य शेजारच्या पंक्चरवाल्यालाही पाठ होतं. कुणाच्या घरी गेले तर आधी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत, मग बसत. अशा माणसाशी काकूंनी पस्तीस वर्षं संसार केला, वर दुकानातलं दुसरं शिलाई मशीनही चालवलं. त्यांचं कौतुक करावं तितकं थोडंच.

काकांची थोरली बहीण, ताई, चार घरं सोडून राहायची. काका चौसष्टचे झाले तरी तिच्या तोंडी 'बाळ्या'च होते. ताईने तीस वर्षं टेलिफोन कचेरीत लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या होत्या. रिसीव्हर मान आणि खांद्यात दाबायचा आणि हाताने भराभर वहीत लिहायचं, दहा ते पाच. शेजारच्या खुर्चीवर तिची मैत्रीण, डाव्या हाताने लिहायची म्हणून अख्खी कचेरी तिला डावरी म्हणायची. या दोघींची डोकी सदान्कदा एकमेकींकडे झुकलेली. साहेब दारातूनच ओरडायचे, "गप्पा मारताय का?" त्यावर डावरीचं उत्तर ठरलेलं, "गप्पा कुठल्या, साहेब, मान दुखतेय!" तेव्हा ते धादांत खोटं होतं.

निवृत्तीनंतर डावरी मुलाकडे राहायला गेली, गाडीने चार तासांवर. मग खरोखरच दोघींच्या माना दुखायला लागल्या. मागे एकदा ताई नुसता दोन तासांचा प्रवास करून आली आणि आठ दिवस मान लाकडासारखी ताठ. बघायचं झालं तर खुर्चीसकट वळायची. डॉक्टर म्हणाले, प्रवास करा, पण डोक्याला सगळ्या वाटभर आधार पाहिजे. काकांची गाडी जुनी. तिच्या मागच्या सीटची पाठ खांद्यापाशीच संपायची, आणि विकतचं हेडरेस्ट खोचायला सीटला भोकंसुद्धा नव्हती. डावरीची तऱ्हा तीच. तिने तर गाडीत बसणंच सोडलं होतं. तीन वर्षं दोघी फक्त रविवारी अकराला फोनवर भेटत होत्या.

डावरीला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती आणि ताईने येते म्हणून शब्द दिला होता. एका रविवारी काका ताईच्या खुर्चीचा फोम बदलायला गेले, तेव्हा ती फोनवर म्हणत होती, "नाही गं जमायचं. मानच ऐकत नाही." फोन ठेवून ती त्याची वायर उगाचच सरळ करत बसली. ताई रडणारी बाई नव्हे. काकांनी तिला वडील गेले तेव्हा एकदा रडताना पाहिलं होतं, आणि आज दुसऱ्यांदा.

"ताई, तुला मी नेणार," ते म्हणाले. "मागच्या सीटला आधार मी करतो. तीन आठवडे आहेत ना अजून?"

"माझ्या मानेपायी पैसा घालवलास तर मी गाडीत पाय ठेवणार नाही, बाळ्या. सांगून ठेवते."

"दमडी नाही घालवत. दुकानात कातरण काय कमी आहे?"

तसं ते खरंच होतं. टेबलाखाली फोमच्या तुकड्यांची तीन पोती होती आणि काकू ती फेकायला निघाल्या की दरवेळी काका आडवे यायचे. आता त्यांना चेव आला. त्यांनी जाड कापडाची टोपड्यासारखी एक पिशवी शिवली. ती सीटच्या पाठीवर वरून चढवायची आणि मागून पट्ट्याने आवळायची, म्हणजे भोक नको, खिळा नको. आत फोमच्या दोन पट्ट्या उभ्या केल्या, म्हणजे आधार खांद्याच्या वर वीतभर येईल. पुढे डोक्यासाठी उशी. ती त्यांनी अशी गच्च भरली की वर टिचकी मारली तर टण्‌कन वाजावी. स्वतः बसून पाहिलं. वा! डोळेच मिटले.

ताईला बोलावलं. ती बसली, डोकं टेकलं, आणि तिची हनुवटी थेट छातीला जाऊन भिडली.

"बाळ्या, मी कुणाची माफी मागतेय का?"

काकांनी उशी वर केली, खाली केली, पण हनुवटी काही जागची हलेना. शेवटी काकूंनी मशीनवरून मान वर न करता विचारलं, "माप कुणाच्या डोक्यावर घेतलंत?"

"माझ्या."

"तुमचं ते टक्कल. ताईंचा अंबाडा कुठे ठेवायचा?"

काकांनी कपाळावर हात मारला. पन्नास वर्षं तो अंबाडा त्यांच्या डोळ्यांसमोर होता. "एक दिवस वेणी घाल की," असं सुचवून पाहिलं, तर ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मुकाट्याने कात्री उचलली. निम्मा फोम काढला, मधे वाटीएवढा खळगा केला, खाली मानेला बेताची वळकटी आणि दोन्ही बाजूंना दोन उभ्या, अगदी सारख्या. अंबाडा खळग्यात जाऊन बसला. ताई म्हणाली, "आता जमलं बघ," आणि काका कॉलर ताठ करून हिंडू लागले.

तो ताठा तासाभराच्या फेरफटक्यापुरताच टिकला. उभ्या गाडीत सगळं ठीक होतं. गाडी चालू लागली, ताईला डुलकी लागली आणि तिचं डोकं डावीकडे कलंडलं. त्या बाजूची वळकटी दबून चपटी झाली. घरी येईपर्यंत मान पुन्हा धरली.

इथे मानेलाच खोड आहे हे दुसऱ्या कुणाच्याही ध्यानात आलं असतं, पण काटकोनकाकांचं डोकं काटकोनातच चालायचं. डोकं डावीकडे जातं म्हणजे गाडीच डावीकडे कलती असणार! त्यांनी पंक्चरवाल्याकडून चारही चाकांची हवा तपासून घेतली. गवंड्याची लेव्हलची पट्टी मागून आणली आणि सीटवर ठेवली. बुडबुडा ऐन मधोमध. मग त्यांना रस्त्याचाच संशय आला. पट्टी रस्त्यावर टेकवून ते पालथे पडून पाहत होते, तेव्हा पंक्चरवाला काकूंना म्हणाला, "काकू, काका बरे आहेत ना?"

"हे त्यांचं नेहमीचंच आहे," काकू म्हणाल्या.

वाढदिवसाला सहा दिवस उरले. रविवारी काका पडल्या चेहऱ्याने ताईकडे गेले. आपल्याच्याने होत नाही, हे तिला सांगायचं होतं. तेवढ्यात अकरा वाजले आणि फोन आला. डावरी कुठल्याशा मलमाचं नाव सांगत होती. ताईने रिसीव्हर डाव्या खांद्यावर ठेवला, मान कलंडवून दाबला आणि उजव्या हाताने वहीत लिहायला लागली. डोकं डावीकडे, गाडीत कलंडलं होतं तितकंच. तीस वर्षं ते तिथेच तर होतं!

काका ओरडले, "तशीच थांब! हलू नकोस!" आणि खिशातली टेप काढून त्यांनी खांद्यापासून कानापर्यंतचं माप घेतलं. फोनमधून डावरी विचारत होती, "काय झालं गं? चोर शिरला का?"

माप मिळालं, पण पुढे खरी कसोटी होती. डाव्या बाजूची वळकटी उजवीच्या दुप्पट जाड करायची, वर तिरकी लावायची. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून वाकडं शिवायचं. काकांनी तीनदा शिवलं आणि हाताला सवय अशी की तिन्ही वेळा ते आपोआप सरळच आलं. चौथ्यांदा काकूंनी त्यांना उठवलं, स्वतः मशीनवर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही तिकडे तोंड करा." काका तिकडे तोंड करून उभे राहिले. ती वाकडी उशी त्यांनी गाडीपर्यंत फडक्याखाली झाकून नेली, न जाणो कुणी गिऱ्हाईक पाहील.

वाढदिवसाच्या सकाळी पहिल्या अर्ध्या तासातच ताई झोपली. डोकं डावीकडे गेलं, जाड वळकटीवर विसावलं आणि तिथेच राहिलं. तोंड उघडं, वर घोरणंही चालू. काका आरशात पुन्हा पुन्हा पाहत होते आणि इतके खूष होते की एक वळण चुकले. पोचल्यावर ताई सरळ उतरली, मान इकडून तिकडे फिरवून दाखवली आणि दारात उभ्या डावरीला तिने कडकडून मिठी मारली. तीन वर्षं नुसत्या फोनवर भेटणाऱ्या बायका, एकमेकींना सोडायलाच तयार नव्हत्या.

दुपारी डावरी गाडीपाशी आली. "मला पण बसून बघू दे." ती बसली, डोकं टेकलं आणि ते गेलं उजवीकडे, पातळ वळकटीवर. "माझी मान काही ऐकणार नाही," ती हिरमुसून म्हणाली.

काकांचा चेहरा मात्र उजळला. "तुम्ही रिसीव्हर उजव्या खांद्यावर धरायचात!"

"मग? डाव्या हाताने लिहायचं तर धरणार कुठे?"

काकांनी डावरीच्याच घरातलं मशीन आणि तिचीच एक जुनी उशी मागून घेतली. या खेपेला काकूंची गरज पडली नाही. हुबेहूब तशीच उशी, फक्त जाड बाजू उजवीकडे. संध्याकाळी त्यांनी दोन्ही उशा मागच्या सीटवर शेजारी शेजारी चढवल्या, लांब उभं राहून पाहिलं आणि पुटपुटले, "दोन्ही बाजू सारख्या."

मग दोघींना बसवून तळ्याकाठच्या रस्त्याने फिरवायला निघाले. ताई उजवीकडे, डावरी डावीकडे. डावरी तीन वर्षांनी गाडीत बसली होती, आधी दार घट्ट धरून होती, मग तिने हात सोडला. काकांनी आरसा हलवून पाहिलं. एक डोकं डावीकडे, एक उजवीकडे, मधे वीतभर जागा, आणि त्या जागेत अखंड कुजबुज. काकांनी आवाज भारदस्त केला.

"गप्पा मारताय का?"

मागून दोघी एकदम ओरडल्या, "गप्पा कुठल्या, साहेब, मान दुखतेय!"