चौथ्यांदा नापास, आणि बाबा हसले

चलो, सांगूनच टाकते. परदेशात नर्स म्हणून काम करायला जी लायसन्सची परीक्षा लागते, तिच्यात मी चौथ्यांदा नापास झाले.

रिझल्ट सकाळीच आला. पण बाबा खमरियाच्या कारखान्यात, दारूगोळ्याच्या कामावर. आत मोबाइल नेता येत नाही, आणि लढाईच्या बातम्या सुरू झाल्यापासून रोज ओव्हरटाइम. आमच्या क्वार्टर्समध्ये काही लपत नाही. शेजाऱ्यांनी सांगण्याआधी आपणच सांगावं म्हणून शिफ्ट सुटायच्या वेळी कारखान्याच्या गेटवर जाऊन उभी राहिले.

मला पाहताच बाबांचा चेहरा पांढरा पडला. गर्दी ढकलत आले.

"काहून आली तू? आई ठीक आहे न?"

"आई ठीक आहे. मी नापास झाले, बाबा."

त्यांनी श्वास सोडला आणि चक्क हसले. "हट् वेडे! एवढंच न?"

एवढंच? असा राग आला! घरापर्यंत त्यांच्या स्कूटरवर मागे तोंड फिरवून बसले.

मग आठवलं. कारखान्याकडून मोठा आवाज आला की आई गॅस बंद करून दारात उभी राहते, बाबा दिसेपर्यंत. आणि गेटवर घरचं माणूस येतं ते वाईट बातमी घेऊनच.

आत्ता बाबा समोर चहा पिऊन राहिलेत. मी पुन्हा फॉर्म भरणार, पण राग काही जाऊन नाही राहिला.

तुमचं सगळ्यात मोठं दुःख ऐकून घरातल्या कोणाचा जीव भांड्यात पडलाय का कधी?